पाण्यामागं गेलेल्या छत्र्या

नोकरीत चोऱ्या पुष्कळ पाहिल्या, पण उजनी धरणाच्या काठावरची ती एक न झालेली चोरी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. निवृत्तीच्या आधीचा उन्हाळा होता. इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होते. नावं कुणाची घेणार नाही, कारण ती माणसं तिथंच आहेत आणि सुखात आहेत.

सरकारनं खर्च करून गरीब घरांना डिजिटल टीव्हीचे संच फुकट दिले होते. एक पेटी आणि एक डिश. आमच्याकडं डिशला छत्रीच म्हणतात. पळसदेवच्या बाजूला मच्छीमारांची एक वस्ती आहे, तिथं घरोघरी छत्र्या बसल्या. पुढं तपासणीचे साहेब आले, तर एकाही भिंतीवर छत्री नाही आणि दारांना कुलपं! साहेब तसेच ठाण्यात आले.

"मॅडम, सरकारी माल आहे हा. ज्यानं बसवला त्यानंच विकला. गुन्हा दाखल करा."

मी म्हटलं, बसा, पाणी घ्या, आधी चौकशी करू.

छत्र्या बसवणारा कारागीर भवानीनगरकडचा, चाळिशीचा, लेकराबाळांचा. गुन्हा नोंदला असता तर अटक झाली असती, आणि सुटून आला तरी पुन्हा सरकारी काम कुणी दिलं नसतं.

पहिली खबर दिली ती फाट्यावरच्या चहावाल्या तात्यांनी.

"बाई, छत्र्या त्यानंच काढल्या. म्या सोता बघितलंय. पर हायवेला न्हाय नेल्या."

"मग कुठं नेल्या?"

"होडीत घातल्या. पाण्याकडं."

"तात्या, पाण्यात काय मासे टीव्ही बघत्यात?"

"ते तुमी शोधा. पगार तुमाला हाय, मला न्हाय."

कारागिराला ठाण्यात बोलावलं. माझी पद्धत अशी की आधी चहा, मग प्रश्न. खोटं रचून आलेला माणूस चहा पिता पिता फार बोलतो. हा नुसता कपाकडं बघत बसला.

"छत्र्या तू काढल्यास?"

"व्हय."

"विकल्यास?"

"न्हाय."

"मग हायेत कुठं?"

त्यानं कप बाजूला सरकवला.

"अरे, आत जाशील. घरी लेकरांना काय सांगू आम्ही?"

त्याचे डोळे भरले. पण म्हणाला काय, तर "मला आत घाला बाई. तेवढं इचारू नका."

"मला सोडा" म्हणणारे रोज भेटायचे. "आत घाला" म्हणणारा हा पहिलाच. मग मी ठरवलं, हा माणूस बोलणार नाही, आता भिंतींना विचारावं. उठले आणि वस्तीवर गेले.

आता चोर छत्री कशी काढतो? तार हिसडून तोडतो आणि पळतो. इथं बोल्टांना तेल लावलेलं, नट परत जागच्या जागी फिरवून ठेवलेले. तारेच्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधलेली, पावसाचं पाणी शिरू नये म्हणून. म्हणजे छत्री परत येणार होती! खुराडी पाहिली, त्यात एक कोंबडी नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरत जातं. ही माणसं घराला कुलूप लावतात आणि बिऱ्हाड, कोंबड्या, जाळी घेऊन पाण्याच्या मागोमाग खाली जातात. उघड्या पडलेल्या गाळात मका पेरायची, कलिंगडं लावायची, कडेला मासे धरायचे, आणि पावसाळ्यात पाणी चढलं की वर यायचं. दोन पिढ्या झाल्या या चालीला. साहेब नेमके उन्हाळ्यात तपासणीला आले होते.

साहेबांना आणि कारागिराला होडीत घेऊन मी निघाले. उन्हं कलली होती. वळण घेतलं आणि बाई, मी बघतच राहिले. पाण्यातून वर आलेलं जुनं दगडी मंदिर, अंगावर पाण्याच्या रेघा. त्याच्या अलीकडं गाळावर खोपटांची रांग, प्रत्येकापुढं बांबूवर छत्री. साऱ्या आग्नेयेकडं मान करून एकाच ठिकाणी टक लावून बसलेल्या.

"ह्या कुठं बघतात रे?" मी कारागिराला विचारलं.

"वर उपग्रह हाय, बाई."

मी बघितलं, नुसतं निळं आभाळ. "दिसत तर काहीच नाही."

"दिसत न्हाय. पर हाय."

होडी काठाला लागली तशी मी एका खोपटात डोकावले. वर्षातले कितीतरी महिने पाण्याखाली असलेली ती जमीन, तिच्यावर उसाच्या पाचटाचं खोपटं, त्यात सूर्याच्या प्लेटवर चालणारा छोटा टीव्ही, आणि त्यात दिल्लीच्या बातम्या.

साहेब मात्र खोपटातल्या आजीला विचारत होते, "पेटी घरातून हलवायची नाही, हे सांगितलं होतं ना?"

कारागीर कळवळला. "साहेब, काढल्या म्या, हितं बसवल्या बी म्याच. त्यांच्या पेट्या न्हेऊ नका." तेव्हा कळलं तो का बोलत नव्हता.

आजी मात्र ताठ. "घरातच हाय की पेटी! ह्ये काय घर न्हाय व्हय? पाणी हाललं, आमी हाललो. मग काय वर कुलपाला टीव्ही दावायचा?"

साहेबांनी चपला बाहेर काढल्या. वाकून खोपटात शिरले, पोत्यावर बसले. बातम्या संपून पावसाचा अंदाज लागला, तो पुरा पाहिला. बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, माझी तक्रार नाही. संच चालू स्थितीत सापडले, असं लिहा." मी तसंच लिहिलं. आजीनं आम्हा तिघांना कलिंगड कापून दिलं. कारागीर खाता खाता रडत होता आणि आजी त्याला रागावत होती, "गप, बी गिळशील."

गप्प बसलेला माणूस स्वतःलाच वाचवत असतो, असं धरून आम्ही पोलीस चालतो. त्या दिवसापासून मी तसं धरणं सोडलं.

पाऊस झाल्यावर मुद्दाम वस्तीवर गेले. मंदिर पाण्याखाली गेलं होतं, गाळ दिसत नव्हता. छत्र्या आपापल्या भिंतींवर परत आल्या होत्या, आणि बघत होत्या तिकडंच.