हिंदुस्थानभराची शिदोरी

निजामाच्या राज्यातली गोष्ट. हिंगोली स्टेशनात पूर्ण्याला जाणारी गाडी सुटायची होती. समोर बसलेली साखरा गावची म्हातारी एकेका पुरचुंडीवर थाप मारत मला हिंदुस्थान पाहायचा बेत सांगत होती.

"काशीपत्तोर दशम्या. दिल्लीला धपाटे. हिमालयात बर्फ हाय म्हने, तिथं ठेचा पायजेच. शेवटी समुद्र. त्याच्याफुडं खारट काय खायचं? म्हनून लाडू."

"सोबत कोण?"

"कोन कशाला? रस्ता इचारायला तोंड हाय की!"

खिडकीबाहेर तिचा नवरा उभा होता. त्याला शेत सोडवत नव्हतं. त्यानं हळूच विचारलं, "वापस कवा येशील?"

"पीठ सरलं की," गाठ मारत ती म्हणाली.

म्हाताऱ्याला जरा धीर आला. गाडी हलली, तसा माझा पाय बाकाखाली कशाला तरी अडला. वाकून पाहिलं, तर पिठाचं अख्खं पोतं होतं.