सदाफुलीचे दहा कोरडे दिवस

कटलेले पतंग जसे न मागता आमच्या गच्चीत येऊन पडतात, तसे किस्से माझ्याकडे येतात. मी घराबाहेर फारशी बोलत नाही ना! न बोलणाऱ्या मुलीसमोर लोक सगळं बोलतात आणि सगळं करतात. माझ्या सदाफुलीच्या कुंडीचंही तसंच झालं.

*

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला महिना होता. मिश्रा मॅडम सदाफुलीबद्दल म्हणाल्या, "सदाबहार दस दिन बिना पानी के फूल देगा? दिखा सकोगी?"

मी मान हलवली. मी सगळ्यालाच मान हलवते.

मग त्या म्हणाल्या, "समझाना खुद पड़ेगा!"

तेव्हा मान हलेना.

*

प्रयोगाच्या तिसऱ्या दिवशी कुंडीतली माती ओली!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्याआड लपून बसले. काका गंगेवरच्या अहिल्याबाई घाटावरून स्नान करून आले, पूजा केली आणि लोट्यात उरलेलं गंगाजल सरळ कुंडीत!

"काका, पाणी घालायचं नाही!"

"पाणी कुठं? तीर्थ आहे ते! मोरीत ओतू?"

दिवस पहिला, पुन्हा.

*

या वेळी सहाव्या दिवशी माती ओली, आणि नऊ फुलांची चार झालेली. आता माझा संशय शेजारच्या चाचींवर. त्यांची गच्ची आमच्या गच्चीला लागूनच. त्यांच्या गणपतीपुढे पाच गुलाबी फुलं होती. मी मोजली.

"अरे बिटिया, तुम्हारी अम्मा तो भूल जाती हैं," चाची म्हणाल्या. "हम कभी-कभी एक गिलास डाल देते हैं। बेचारा पौधा!"

फुलांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

*

मी पाटी लावली : 'कृपया पानी न डालें.' दुसऱ्याच दिवशी बाबा गच्चीत दाढी करत होते. त्यांनी पाटी वाचली, "अक्षर छान आहे हो!" म्हणाले आणि दाढीचा मग कुंडीत उपडा केला.

"बाबा, पाणी!"

"पाणी कसलं? साबण आहे!"

*

शेवटी कुंडी टाकीवर चढवली. शिडी माझ्या खाटेखाली. पुढचे नऊ दिवस मी घरातल्या प्रत्येकाच्या हाताकडे बघत जेवले.

दहाव्या दिवशी दुपारी पानं मलूल झाली. त्या दिवशी मी स्वतःवरही संशय घेतला, कारण शिडीवर उभी असताना माझ्या हातात तांब्या होता. शेवटी ते पाणी मीच पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात फुलं!

*

प्रदर्शनाला पाहुणे म्हणून एक वयस्कर गुरुजी आले होते. पांढरं धोतर, कपाळावर चंदन. त्यांनी माझ्या कुंडीपुढची पाटी सावकाश वाचली : 'दस दिन से पानी नहीं.' मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सासू सुनेकडे पाहते, तसं.

"दस दिन? सच?"

माझं भाषण पाठ होतं. तोंड उघडेना.

गुरुजी वळले. सरस्वतीच्या तसबिरीपुढचा तांब्याचा लोटा त्यांनी उचलला.

"मत डालिए!"

सगळा हॉल वळून बघू लागला. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाही माहीत नव्हतं. मिश्रा मॅडम धावत आल्या.

गुरुजी लोटा तिरपा धरून शांतपणे म्हणाले, "घबराओ मत, बिटिया। पानी थोड़े ही है, गंगाजल है!"