लोरेनची पहिली तबकडी

रायपूर मागे पडलं तशी डब्यातली माणसं खिडक्यांशी जमू लागली. उन्हाने भेगाळलेली भाताची शेतं संपली आणि एकदम क्रेनांच्या माना, उंच धुराडी, लोखंडाचे अर्धवट सांगाडे दिसू लागले. ‘‘भिलाई!’’ समोरचे गृहस्थ अशा थाटात म्हणाले, जणू सगळं तेच बांधत होते.

मी मूळचा पुण्याचा. तेव्हा कलकत्त्याच्या एका ग्रामोफोन कंपनीत ध्वनिमुद्रक होतो. या भागातली लोकगीतं टेपवर घेऊन यायची, एवढंच माझं काम होतं. दुर्गला उतरून जीपने भिलाईकडे निघालो, तर वाटेत जीप मुरमात रुतली. मी उतरून ढकलली. गेस्ट हाउसला पोचलो तेव्हा डोक्यापासून बुटांपर्यंत लाल झालो होतो.

व्हरांड्यात एक उंच, सावळी अमेरिकन बाई लिंबूपाणी पीत बसली होती. मला पाहून ती मोठ्याने हसली. मग तिची नजर माझ्या हातातल्या पेटीवर गेली आणि हसू थांबलं.

‘‘हा टेप रेकॉर्डर आहे?’’ तिने इंग्रजीत विचारलं.

तिचं नाव लोरेन. शिकागोची जाझ गायिका. कलकत्त्याच्या एका हॉटेलातल्या बँडबरोबर ती गात होती. इथला पोलादाचा कारखाना उभारणाऱ्या रशियन आणि आपल्या इंजिनिअरांपुढे त्यांचा कार्यक्रम ठेवला होता. संध्याकाळी तो मी ऐकला. ती गायला लागल्यावर माझ्या शेजारचा रशियन गृहस्थ सिगारेट पेटवायची विसरून काडी हातात तशीच धरून बसला.

सकाळी नाश्त्याला ती माझ्या टेबलाशी आली. तिच्या देशात तबकड्या काढणाऱ्या दोन कंपन्यांनी तिला परत पाठवलं होतं. आवाज चांगला, पण खपणार नाही, म्हणून. बँडचा करार आता संपला होता. संध्याकाळच्या गाडीने मुंबई, तिथून बोट.

‘‘तबकडी केल्याशिवाय मी घरी जाणार नाही, असं आईला सांगून आलेय,’’ ती म्हणाली. ‘‘एक गाणं घ्या माझं. तुमच्या साहेबांना आवडलं नाही तर फेकून द्या.’’

लोकगीतांसाठी आणलेली टेप मोजकीच होती, तीही वाटेतल्या गावांत बरीचशी भरली होती. तरी मी हो म्हटलं. आदल्या संध्याकाळचा तो आवाज कानातून जात नव्हता.

क्लबच्या हॉलमध्ये कालच्या कार्यक्रमाचं स्टेज मोडण्याची ठोकाठोक चालली होती. बँडमधला गोव्याचा गिटारवाला फेलिक्स, लोरेन आणि मी यंत्र घेऊन वसाहतीच्या टोकाला गेलो. तिथे नव्या क्वार्टरांची रांग उभी राहत होती. काही घरांत माणसं आली होती, काही नुसती चुना लावून रिकामी होती. एका रिकाम्या खोलीत मी टाळी वाजवली. आवाज चारी भिंतींना आपटून परत आला. ‘‘छे, जमायचं नाही!’’ मी स्वतःशीच पुटपुटलो.

‘‘काय पायजे तुमाले?’’ शेजारच्या दारातून एक बाई आल्या. मराठी ऐकून मला भरून आलं. त्या अनसूयाबाई, भंडाऱ्याकडच्या. नवरा कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, कामाला.

मी म्हणालो, ‘‘आवाज घुमतोय. भिंतींना जाड कापड लागेल.’’

‘‘गोधड्या चालतीन का? उन्हाळ्यात पेटीतच पडून राहतेत.’’

पाहता पाहता रांगेतल्या बायका गोधड्या घेऊन आल्या. दोऱ्या बांधून आम्ही त्या चारी बाजूंना टांगल्या. विजेची तार अनसूयाबाईंच्या खिडकीतून ओढली. खिडक्या लावल्या आणि खोलीची भट्टी झाली.

पहिल्या वेळी पलीकडचा काँक्रीट मिक्सर सुरू झाला. वीज ओढली गेली, यंत्र मंदावलं आणि ऐकताना लोरेनचा आवाज लहान पोरीसारखा चिरका आला. दुसऱ्या वेळी डंपरचा हॉर्न. तिसऱ्या वेळी घामाने फेलिक्सची बोटं तारेवरून घसरली. त्याने गिटार खाली ठेवली.

‘‘पुरे आता, लोरेन. मुंबईत बघू.’’

‘‘मुंबईत बोट आहे, फेलिक्स. उचल ती.’’

अनसूयाबाईंनी आम्हाला बळेच त्यांच्याकडे नेलं. बासी (रात्रभर पाण्यात भिजवलेला भात), कांदा आणि मिरचीचा ठेचा समोर ठेवला. लोरेनने ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने आणखी मागितला.

‘‘कायचं गाणं होय तिचं?’’ अनसूयाबाईंनी मला विचारलं.

लोरेनची आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची. गाणं लोरेननेच तिच्यावर केलं होतं. मी सांगितलं.

अनसूयाबाई पदर खोचून उठल्या. ‘‘तुमी चला आत. बाहेरचं मी पाहतो.’’

मिक्सरवर त्यांच्या नवऱ्याच्या ओळखीचा माणूस होता. त्याला त्यांनी जेवायला पाठवलं. मग चार बायकांसह त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. दाराच्या फटीतून मी पाहत होतो. सरदारजींचा डंपर येऊन थांबला.

‘‘माताजी, ड्यूटी है!’’

‘‘अंदर बाई गाना गा रही है. जरा रुको.’’

‘‘कौन बाई?’’

‘‘मेरी पाहुनी है,’’ अनसूयाबाई ठणकावून म्हणाल्या.

सरदारजींनी इंजिन बंद केलं. मी दार लावलं. टेप आता एकाच गाण्यापुरती उरली होती. लोरेनने डोळे मिटले आणि फेलिक्सने सुरुवात केली.

ती गायली, तेव्हा घाम पुसायलाही तिचा हात हलला नाही. शेवटचा सूर तिने ताणला नाही, हलकेच खाली ठेवला. मी यंत्र थांबवलं. फेलिक्स भिंतीला टेकून मटकन बसला.

बाहेर सगळ्यांना ऐकवलं. सरदारजीही ऐकून गेले. लोरेनने अनसूयाबाईंना मिठी मारली, तशा त्या लाजून म्हणाल्या, ‘‘आवो, घामानं भिजल्या ना तुमी!’’

संध्याकाळी दुर्गच्या स्टेशनावर लोरेन मुंबईच्या गाडीत बसली आणि मी कलकत्त्याच्या. लोकगीतं अर्धीच झाली होती. साहेबांना जे घडलं ते सांगितलं आणि शिव्या खायच्या तयारीने टेप लावली. त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. काही महिन्यांनी तबकडी निघाली, हॉटेलांत वाजली, रेडिओवर वाजली. पुढे लंडनच्या एका कंपनीने लोरेनला बोलावलं, आणि मग तिच्या स्वतःच्या देशानेही.

माझ्या मनात मात्र ती लाल मातीची वसाहतच राहिली आहे. तिथे जो तो कुठून तरी आलेला होता. काल नव्हतं ते उद्या उभं करायचं, हे तिथल्या माणसांच्या अंगवळणी पडलं होतं. म्हणूनच शिकागोची बाई चुना लावलेल्या खोलीत गाण्याचा हट्ट धरते, याचं तिथे कुणालाच नवल वाटलं नाही. हातातलं काम ठेवून माणसं मदतीला आली आणि गाणं झाल्यावर आपापल्या पाळीला निघून गेली.