तगरीवरची अळी

फुलपाखरांचा इतका मनापासून राग करणारा माणूस आमच्या व्याह्यांखेरीज अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. "नुसता नखरा हाय त्यो," म्हणतात. "रूप बघावं तर पतंगाचं." मला तर सगळे पतंग एकजात मातकट दिसतात. ते मात्र त्यातून सतरा जाती काढतात. ह्याची अळी एरंडावर, त्याची ऐनाच्या झाडावर, हा मुरगूडकडं दिसतो, तो गडहिंग्लजच्या बाजूला जात नाही. "का? एसटी तर जाते की," असं मी एकदा विचारलं, तर ते जेवण होईस्तोवर माझ्याशी बोलले नाहीत.

आमची मुलगी बघायला आले, तेव्हा पोहे यायच्या आत हे गायब. शोधतो तर दारातल्या तगरीखाली उकिडवे बसलेले. "पावणं, ही पानं कोण खातंय?" लग्नाच्या बैठकीत ह्याचं उत्तर काय द्यायचं असतं, मला कळेना. एवढ्यात मुलगीच दारातून म्हणाली, "हिरवी अळी हाय. निळं डोळं, शेपटीला पिवळं शिंग. मोठी झाली की तपकिरी हुती आन् खाली उतरती." व्याही तडक आत आले आणि लेकाला म्हणाले, "ठरलं." त्या बिचाऱ्यानं अजून मान वर केली नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी उचगावहून त्यांची स्कूटर येते. लेकजावई पुण्यात असतात, त्यामुळे ते आम्हाला भेटायला येतात की तगरीला, हा घोळ मला अजून सुटलेला नाही. आमच्या हिला तगरीला हात लावायची बंदी. "देवाला जास्वंद चालत न्हाय व्हय, वैनी?" पुरत्या वाढलेल्या अळ्या ते श्रीखंडाच्या डब्यात घालून नेतात. विहीणबाईंनी एकदा तो डबा फ्रीजमध्ये ठेवला होता. पुढचं न विचारलेलं बरं.

यंदा स्कूटर येत नाही. त्यांचे दोन्ही डोळे गेलेत, आता उतार नाही म्हणतात. गेल्या रविवारी रिक्षानं आले आणि दारातच डबा माझ्या हातात दिला. "कोशातनं निघालाय. कुठला हाय, सांगा."

मी झाकण काढलं. "हिरवा हाय," मी म्हणालो, आणि माझाच विश्वास बसेना. "शेवाळागत. मधी गुलाबी पट्टा. का जांभळा? घोटाळा हुतोय माझा."

"हू दे. पंखाच्या बुडाशी डोळ्यागत ठिपका हाय?"

"हाय."

"त्योच की. पोरीनं सांगितलेल्या अळीचा." मग हळूच म्हणाले, "आनखी सांगा."

एवढा सुंदर पतंग मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो, आणि शेजारी ते अंधारात. मला फार वाईट वाटलं. इतक्यात तो थरथरला आणि तगरीवरून पलीकडं उडून गेला. मी रिकाम्या डब्यात बघत जमेल तसं सांगत राहिलो.