चार दिवसांच्या गोळ्या

वहिनीच्या छातीतली टिकटिक दोन हातांवरून ऐकू यायची. मुंबईला ऑपरेशन करून तिच्या हृदयाची खराब झालेली झडप काढली आणि धातूची बसवली, तेव्हापासून. आरे-वाऱ्याच्या रस्त्याला आमचं घर, मी रत्नागिरीत कचेरीत कारकून. सकाळी एसटीसाठी निघताना मुद्दाम विचारायचो, "वहिनी, किती वाजले?" भाकरी थापता थापता ती म्हणायची, "साहेब तुमच्या नावाने ओरडायला लागले भावजी, एवढे वाजले."

दादा मुंबईला गोदीत. त्याला रजा मिळेना, म्हणून इस्पितळात तिच्याजवळ मीच होतो. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी मला बजावल्या. रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, नाहीतर झडपेवर रक्ताची गाठ धरते. आणि टिकटिकीचा आवाज बसका वाटला तर त्याच दिवशी घेऊन या.

गोळ्यांचा डबा स्वयंपाकघरात, देवाशेजारच्या फळीवर असे. महिन्याचे चार दिवस वहिनी मागच्या पडवीत बाजूला बसायची. तेव्हा तिला आत येता येत नसे, म्हणून रोज संध्याकाळी एक गोळी वरून तिच्या ओंजळीत टाकायची, हे काम माझं. डबाच पडवीत ठेवा, असं ती दोनदा म्हणाली होती. देवाजवळची वस्तू विटाळात गेलेली आईला चालत नव्हती. मी आईशी वाद घातला नाही. कधीच घालत नसे.

त्या वर्षी ऐन गणपतीत ती बाजूला बसली. गोळीमुळे तिला रक्त फार जायचं. आई म्हणाली, "चार दिवस देऊ नकोस ती गोळी. जरा कमी तरी जाईल तिचं." मला सगळं ठाऊक होतं. तरी मान हलवली. भजनाला झांजा घेऊन बसायचं होतं, आणि खरं सांगायचं तर वाद टळला म्हणून बरंच वाटलं.

पडवीतून हाक आली, "भावजी, गोळी?"

"आई नको म्हणतेय. चार दिवसांनी काय होतंय!"

ती "बरं" म्हणाली. डॉक्टरांशी मी बोललेला, तेव्हा मला कळत असणार, असा तिचा भरवसा.

पाचव्या दिवशी गोळी पुन्हा सुरू केली. आठवडाभराने ती म्हणाली, "आज माझं घड्याळ नीट ऐकू येत नाही हो." मी जवळ जाऊन ऐकलं. फडक्यात गुंडाळल्यासारखा आवाज. डॉक्टरांचं बजावणं आठवलं, पण तोंडातून निघालं ते असं, "कानाला सवय झाली असेल." मुंबईला नेलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांदूळ पाखडताना तिच्या हातातून सूप सुटलं. डावा हात उचलेना, श्वास पुरेना. जीप करून मुंबई गाठली. झडपेची चकती गाठीमुळे अडकली होती, अर्धीच उघडत होती; गाठीचा एक तुकडा मेंदूत गेल्याने हात लुळा पडला होता. पुन्हा ऑपरेशन. त्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चुकल्या होत्या का?" दादा शेजारीच उभा.

खाटेवरून वहिनी म्हणाली, "मीच विसरले."

"एवढी साधी गोष्ट लक्षात राहत नाही तुझ्या?" दादा तिच्यावर करवादला. मी ऐकत उभा राहिलो.

ती वाचली. हात मात्र कामाचा राहिला नाही. भाकऱ्या मग आईच थापू लागली. मी डबा पडवीत खुंटीला टांगला. आई बघत राहिली. वहिनीला एकदा म्हटलं, "दादाला सांगून टाकतो."

"आता कशाला? आईंचं नाव निघेल."

आईला जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी गेल्या महिन्यात गेली. बाराव्याला दादा पाहुण्यांना सांगत होता, फार गुणाची होती, जरा विसराळू तेवढी.

दादा, हे तू वाचशील. ती विसरली नव्हती.