गांधार कोठे आहे हे पाहण्यासाठी वांकिडी ते मावला

मी, तुळशीराम गणपत निकोडे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण मराठी चौथी, धंदा कापूस व भाजीपाला, तेलंगणातील वांकिडीजवळच्या आमच्या गावात तीस वर्षे पोथी वाचणारा, खाली लिहितो ते मी स्वतः पाहिलेले व ऐकलेले आहे.

पोथीत गांधार देशाचे नाव आले की मी श्रोत्यांस सांगत असे, "गांधार म्हणजे आजचे कंदहार." गेल्या सोमवारी देवाजी शिंप्याने भर सभेत मोबाईल वर धरला.

"बुवा, ह्याच्यात गांधार पेशावरकडे दाखवून राह्यला. कंदहार तं लय दूर हाये. काऊन?"

लोक हसले. मी म्हणालो, "माझे चुकले असेल, तर या पाटावर पुन्हा बसणार नाही."

आदिलाबादजवळच्या मावल्यास माझे साडू रामराव राहतात. ते इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. मंगळवारी सकाळी पत्नी कौसाबाईसह आसिफाबाद गाठले व तेथून उटनूरमार्गे आदिलाबादची बस धरली. आमच्याकडे बायकांस सरकारी बस फुकट असल्याने आधार कार्ड दाखवताच पत्नीस शून्य रुपयांचे तिकीट मिळाले, मला पूर्ण.

"सरकार मले फुकट नेऊन राह्यलं," ती म्हणाली. "तुमाले कोनी नेत नाही."

उटनूरकडील रस्ता वळणांचा आहे. ज्यांस मळमळते त्यांनी पुढे बसावे. दोन्ही बाजूंस सागाचे जंगल आहे. पाट्या तेलुगूत असल्याने मी प्रत्येक थांब्यास वाहकाला गावाचे नाव विचारत होतो. गुडीहत्नूरच्या चौकात मिरची भजी उत्तम मिळतात. पोट नाजूक असल्यास एकच खावे. मी तीन खाल्ली.

रामरावांकडे ज्वारीची भाकर व अंबाडीची भाजी झाल्यावर मी प्रश्न मांडला. त्यांनी नकाशांचे पुस्तक उघडले.

"भाऊ, तुमच्यासारखंच पुष्कळ लोक म्हनतात. पण इराणच्या एका जुन्या सम्राटानं डोंगराच्या कड्यावर आपल्या प्रांतांची यादी कोरली. तिच्यात गांधार वेगळा, अन् कंदहार ज्या मुलखात येतं तो प्रांत वेगळा."

मी दोन्ही ठिकाणांवर बोट ठेवून पाहिले. मध्ये डोंगरच डोंगर होते.

"आनखी गंमत आयका," रामराव म्हणाले. "तोच मजकूर तिथं तीन भाषांत हाये. इराणी भाषेत गांधार, बाकी दोहोंत त्याच प्रांताले दुसरंच नाव."

"मग तेथील लोक स्वतःस काय म्हणत?"

"गांधारच. इराणी राज्य यायच्या आधीपासून हे नाव आपल्या जुन्या ग्रंथांत हाये."

माझ्या हयातीत आमच्या गावाच्या दाखल्यावर हैदराबाद, आंध्र प्रदेश व तेलंगणा अशी तीन राज्यांची नावे आली. गावातला एकही इसम जागचा हलला नाही. यादी करणारा दूर बसतो. गांधारच्या लोकांस त्या कड्यावर आपले दुसरे नाव कोरल्याचे कळले तरी असेल काय?

परतीच्या बसमध्ये कौसाबाई म्हणाली, "आवो, मनाले लावून घेऊ नका. तीस वरसं कोनाचं काही अडलं नाही."

"माझे अडले आहे," मी म्हणालो.

गुरुवारी तिसऱ्या प्रहरी देवळात सर्वांच्या रूबरू मी उभा राहिलो व सांगितले, "गांधार म्हणजे कंदहार नव्हे. मी चुकीचे सांगत होतो." मग पाट भिंतीस लावला आणि पोथी देवाजीच्या हाती दिली.

तो दचकला. "बुवा, मी उतरा असं कुटी म्हनलो? मायी शाळा तेलुगूत झाली. हिंदी कशीबशी वाचतो. ह्या जोडून लिवलेल्या ओव्या मले येत नाहीत."

मी सभेत नजर फिरवली. पोथी वाचता येणारा दुसरा कोणी नव्हता.

तेव्हा बायकांच्या बाजूने कौसाबाईचा आवाज आला, "पाटावर बसनार नाही म्हनले होते. वाचनार नाही असं कुटी म्हनले?"

ती म्हणाली ते शब्दशः खरे होते. मी देवाजीशेजारी जमिनीवर बसलो व अध्याय पुढे चालवला. गुडघे दुखले. मात्र खाली बसल्यावर लोक अधिक प्रश्न विचारतात, असे आढळले. त्या दिवशी चार विचारले गेले. दोहोंची उत्तरे मला आली नाहीत, व तसे मी सांगितले.

त्या वेळी हजर: पत्नी कौसाबाई, लिंगाजी पाटील, जे झोपले होते, आणि देवाजी शिंपी, ज्याने "गांधार कुटी लिवलं हाये, दाखवा" असे म्हटले, व मी त्याचे बोट धरून त्या शब्दावर ठेवले.