दस्तरखानावरचं पान

आमच्या उजमाचं डोकं तेज, पण सुखानं जगायची अक्कल तिले अल्लानं देल्लीच नाई. हे मी तिच्या तोंडावर सांगते.

वाशिमच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आमी दोघी कॉम्प्युटर शिकवतो. पीएचडीसाठी तिनं एक प्रोग्राम केला होता. सोयाबीनच्या पानाचा फोटो काढा, त्याच्यावर रोग हाय का नाई ते मोबाइल सांगते. त्या शोधनिबंधाचा आधार चारशेच्या वर लोकायनं आपापल्या निबंधात घेतला. त्याले सायटेशन म्हणतात, अन् प्रमोशनच्या मुलाखतीत तेच मोजतात. तिची अम्मी मेहरबी दर जुम्म्याले इचारे, "बेटा, आता किती झाले?" अन् तो आकडा साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरे.

यंदा मुलाखतीच्या तोंडावर आमची विद्यार्थिनी योगिनी रिठदहून आली. "मॅडम, आमच्या वावरातलं हिरवंगार पानही तुमचा प्रोग्राम रोगीच म्हणून राह्यला. बाबा फवारणीचं औषध आणाले निघाले होते."

उजमाचं तोंड उतरलं. मले घरी घेऊन गेली. जेवाले बसताना अंथरतात तो पांढरा कपडा, दस्तरखान, तिनं पसरवला अन् त्याच्यावर मेडशी गावच्या एका वावरातून आणलेलं, रोगानं पिवळं पडलेलं पान ठेवलं. मोबाइल म्हणे, निरोगी.

"अव्वो माय!" म्या म्हणलं.

झालं होतं असं. निरोगी पानायचे सारे फोटो तिनं घरी, याच कपड्यावर काढले होते. रोगी पानं मेहरबीनं उंबऱ्याच्या आत येऊच देल्ली नाई. "अन्नाच्या कपड्यावर बिमार पान? तौबा!" म्हणून ते फोटो मेडशीले, वावरातल्या मातीवर काढले. मशीन पान ओळखतच नव्हती, कपडा ओळखत होती.

"आधी मुलाखत होऊ दे," म्या म्हणलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुह्या घरचा कपडा पाहाले कोण येऊन राह्यलं?"

"अन् उद्या कोणी रोगी पान पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढला तं? तो निवांत बसन, संगीता. सारं वावर जाईन त्याचं."

मले लय राग आला. एवढी राबली, अन् आता आपल्याच हातानं पाटावरून उठून राह्यली! ती रडत होती अन् निबंध मागे घ्यायचा मेल लिहीत होती. निबंधावर 'मागे घेतला' असा लाल शिक्का बसला. प्रमोशन दुसऱ्याले भेटलं. अम्मीले मात्र सांगू नको म्हणे, आपल्याच एका शब्दापायी झालं असं तिले वाटन.

मागच्या जुम्म्याले मी त्यायच्या घरी जेवाले होती, त्याच दस्तरखानावर. मेहरबीनं इचारलं, "बेटा, आता किती झाले?"

उजमानं मोबाइल पाह्यला. शिक्का बसला तरी आकडा वाढूनच राह्यला. हे मेले लोक निबंध उघडून वाचतच नाईत, निस्तं नाव टाकतात.

"अजून वाढले, अम्मी," ती म्हणाली.

मेहरबीनं पोरीची बला घेतली, दृष्ट काढाले बोटं कडाकडा मोडली अन् तिच्या ताटात अजून एक पोळी वाढली. उजमा मान खाली घालून जेवत राह्यली.